औषध सुरू झाल्यापासून मूल रडवेलं झालंय? गोळीची वेळ आणि रडण्याची वेळ शेजारी मांडून बघा

एडीएचडीची (लक्ष न टिकणं, अति चळवळ, उतावळेपणा या त्रासाची) गोळी सुरू झाली, मूल वर्गात जागेवर बसू लागलं, वही पूर्ण होऊन घरी येऊ लागली. पण आता पेन्सिलीचं टोक तुटलं तरी डोळे भरून येतात, भावंडानं जरा चिडवलं की अर्धा तास मुसमुसणं चालू. आठवडाभर निवळतं आणि पुन्हा सुरू होतं. यावर बहुतेक घरांत दोनच उपाय निघतात: गोळी बंद करायची, नाहीतर 'होईल सवय' म्हणून सोडून द्यायचं. त्याआधी एक काम करायचं असतं. रडू गोळीनंतर किती तासांनी येतं, ते बघायचं.

हे इतकं महत्त्वाचं का, तर तक्रार एकच असली तरी उपाय अगदी उलटे असू शकतात. समजा दोन मुलं सकाळी ८ वाजता मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीचं नेहमीचं औषध घेतात आणि दोघंही दुपारी ३ वाजता रडकुंडीला येतात. पहिल्याची कॅप्सूल अशी आहे की अर्धं औषध लगेच सुटतं आणि अर्धं सुमारे चार तासांनी. तिचा असर साधारण ८ तास टिकतो, म्हणजे ३ वाजता औषध उतरणीला लागलेलं असतं. दुसऱ्याची गोळी १२ तास चालणारी आहे. तिच्या वरच्या थरातून २२ टक्के औषध लगेच सुटतं, बाकीचं आतल्या पंपासारख्या रचनेतून हळूहळू बाहेर ढकललं जातं. रक्तातलं प्रमाण दिवसभर चढत जातं आणि गोळी घेतल्यावर ६ ते १० तासांनी सर्वांत वर पोचतं. दुपारचे ३ म्हणजे या मुलासाठी ऐन चढाची वेळ. पहिल्याला दुपारी औषधाचा छोटा टेकू दिला तर कदाचित बरं वाटेल. दुसऱ्याला तोच टेकू दिला तर संध्याकाळ आणखी वाईट जाईल, रात्रीची झोपही उडेल.

पाकिटावर नुसतं 'एक्सआर', 'ईआर' किंवा 'एसआर' (हळूहळू सुटणारं औषध) छापलेलं असतं. किती तास आणि चढ कधी, यातलं त्यावरून काहीच कळत नाही. डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला सरळ विचारा: हे किती तास चालतं, आणि सर्वांत जास्त चढतं कधी? साधी, लवकर सुटणारी गोळी असेल तर ती दोनेक तासांत शिखरावर जाते आणि तीन-चार तासांत उतरते. दिवसातून दोनदा दिली तर उतारही दोनदा येतो. अशा मुलाचं एक रडणं शाळेतच, दुपारच्या सुट्टीच्या आसपास होतं, आणि घरी त्याचा पत्ताही नसतो.

आधी नोंद, मग बदल

१० ते १४ दिवस काहीही न बदलता नुसती नोंद ठेवा. वहीचं एक पान पुरतं. रोज लिहायचं ते एवढंच: गोळी किती वाजता घेतली, त्याआधी पोटात काही होतं का, रात्री किती तास झोप झाली, रडणं किंवा चिडणं किती वाजता सुरू झालं आणि किती मिनिटं चाललं, निमित्त काय झालं, त्याआधी शेवटचं खाणं कधी झालं होतं, आणि तीव्रता ० ते ३. ० म्हणजे काही नाही, १ म्हणजे डोळे भरले पण समजूत पटली, २ म्हणजे पंधरा-वीस मिनिटं कशातच मन लागलं नाही, ३ म्हणजे आदळआपट किंवा स्वतःला, दुसऱ्याला इजा.

शाळेतल्या तासांचं शिक्षकांना विचारा, पण प्रश्न नेमका हवा. 'कसा वागतो?' असं विचारलं की 'आता खूप शांत असतो' एवढंच उत्तर मिळतं. विचारायचं असं: मधल्या सुट्टीत इतरांबरोबर खेळतो का? हसतो का? चुकलं म्हणून सांगितलं तर रडतो का, आणि कितव्या तासाला? शांत बसणं हे वर्गाच्या सोयीचं असतं, त्यामुळे जास्त डोसची पहिली खूण शाळेत अनेकदा कौतुक म्हणून नोंदली जाते.

मुलालाही विचारा. सहा-सात वर्षांचं मूल बोटांनी ० ते ३ दाखवू शकतं. 'मला खेळायला मजाच येत नाही', 'डोकं घट्ट वाटतं' अशी वाक्यं निघाली तर जशीच्या तशी लिहून ठेवा. सभ्य शब्दांत मांडायच्या नादात त्यांचा अर्थ जातो.

गोळीआधीचं मूल कसं होतं, तेही प्रामाणिकपणे आठवून लिहा. डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदान-पुस्तिकेतल्या एडीएचडीच्या १८ लक्षणांत हळवेपणा नाही, पण भावना आवरता न येणं या मुलांमध्ये फार आढळतं. मूल गोळीआधीही दिवसातून तीनदा रडत असेल आणि आता एकदाच, पण ठराविक वेळी रडत असेल, तर औषध काम करतंय आणि एक खड्डा भरायचा राहिलाय. आधी न रडणारं मूल आता रोज रडत असेल, तर ती गोष्ट वेगळी. मिथाइलफेनिडेटनं सरासरीत मुलांची चिडचिड कमीच होते. अँफेटामीन या एडीएचडीच्याच दुसऱ्या गटाच्या औषधांवर ती वाढण्याची शक्यता त्यापेक्षा जास्त असते. सहा वर्षांखालच्या मुलांमध्ये मिथाइलफेनिडेटवरही रडणं, चिडणं अधिक दिसतं, आणि या वयात आधी पालकांचं वर्तन-प्रशिक्षण व मग औषध असा क्रम सुचवतात, त्याचं हे एक कारण आहे.

घड्याळ की गोळी?

शाळेतून आल्या आल्या रडणारी बरीच मुलं औषधामुळे रडत नसतात. दिवसभर आवरून धरलेलं घराच्या उंबऱ्यावर सुटतं, आणि नेमकी तीच वेळ औषध उतरायची असते. हे दोन वेगळे करायला सुट्टीचा दिवस उपयोगी पडतो. डॉक्टरांना कळवून एखाद्या सुट्टीच्या दिवशी गोळी तास-दीड तास उशिरा द्या (त्याहून उशीर नको, रात्र जागण्यात जाते). रडणंही तेवढंच पुढे सरकलं तर ते गोळीशी बांधलेलं आहे. सुट्टीच्या दिवशी रडणं आलंच नाही, तर संशय शाळेवर: वर्गातला गोंगाट, एखाद्या विषयाची भीती, कुणाचं तरी चिडवणं. एका दिवसावरून निकाल लावू नका, दोन-तीन सुट्ट्या तरी बघा. ही चाचणी फक्त मिथाइलफेनिडेट-अँफेटामीन गटासाठी आहे. अ‍ॅटोमॉक्सेटिन, ग्वानफेसीन, क्लोनिडिन या एडीएचडीच्याच वेगळ्या प्रकारच्या औषधांच्या वेळेशी किंवा डोसशी असे खेळ करायचे नसतात.

रडणं औषधाच्या चढाला येत असेल तर

याचं रूप ओळखता येतं. मूल आरडाओरडा करत नाही. ते मिटतं. चेहरा सपाट, बोलणं कमी, खेळात रस नाही, एकाच गोष्टीत अडकून राहणं, नखं कुरतडणं, ओठ किंवा कातडी सोलत बसणं, आणि कुणी हळू आवाजात काही विचारलं तरी डोळ्यांत पाणी. ही खूण औषधांइतकीच जुनी आहे. १९३७ साली अमेरिकी डॉक्टर चार्ल्स ब्रॅडली यांनी ३० मुलांना बेंझेड्रीन हे अँफेटामीन गटातलं औषध देऊन निरीक्षणं मांडली, तेव्हा अभ्यासातल्या सुधारणेबरोबरच निम्म्या मुलांच्या भावना दबल्याची नोंद त्यांनी केली होती.

चढाला रडू येण्याचा अर्थ बहुतेकदा एकच असतो: या मुलाला हा डोस जास्त होतोय. वजन बघून ठरवलेला डोसही जास्त होऊ शकतो, कारण मिथाइलफेनिडेटला मिळणारा प्रतिसाद वजनाशी फारसा जुळत नाही. एका मुलाला ३६ मिलिग्रॅम सहज झेपतात, त्याच वजनाच्या दुसऱ्याला १८ मध्येच पुरतं. इथे डॉक्टरांशी बोलताना 'बंद करा' असं म्हणू नका. 'एक पायरी खाली उतरता येईल का?' असं विचारा. १२ तासांच्या गोळ्या १८, २७, ३६ आणि ५४ मिलिग्रॅममध्ये बनतात. ३६ वरून थेट १८ वर येण्याऐवजी २७ हा मधला टप्पा असतो, आणि तो बऱ्याचदा विसरला जातो. डोस उतरवल्यावर याच गटातल्या औषधाचा फरक एक-दोन दिवसांत दिसू लागतो. तरी निदान आठवडाभर बघा, कारण पहिल्या दोन दिवसांत आपणच आशेनं बघत असतो.

खालच्या डोसवर रडणं थांबतं पण लक्षही लागेनासं होतं, असं झालं तर याच औषधाची वेगळ्या रीतीनं सुटणारी कॅप्सूल किंवा दुसरं औषध हा पुढचा विषय. डोस वर-खाली करत महिने घालवण्यात अर्थ नाही.

रडणं उतारावर येत असेल तर

इथे रूप उलटं. मूल सुटल्यासारखं होतं: धावणं, ओरडणं, क्षणात संताप, क्षणात रडू, वर भूक. पालक म्हणतात, गोळीच्या आधीही इतकं नव्हतं. ते खरं असतं. औषध झपाट्यानं उतरताना मूळ लक्षणं काही वेळ जास्त जोरात वर येतात. हा काळ बहुधा अर्धा ते एक तास, कधी थोडा जास्त. त्यानंतर मूल आपोआप जागेवर येतं, आणि तीच याची खूण आहे.

सगळ्यात आधी खाणं. या गोळ्या भूक मारतात. दुपारचा डबा तसाच परत येतो आणि औषध उतरतं त्या क्षणी सकाळपासूनची भूक एकदम जागी होते. उतारावरच्या रडण्यात निव्वळ भुकेचा वाटा किती असतो, हे खाण्याची वेळ बदलून बघितल्याशिवाय कळत नाही. गोळीच्या आधी पोटभर नाश्ता, आणि उतार सुरू होण्याच्या अर्धा तास आधी प्रथिनं असलेलं थोडं खाणं. 'भूक लागली का?' असं विचारू नका. उत्तर 'नाही' असंच येणार. न विचारता समोर ठेवा. चार-पाच दिवस एवढंच करा, बाकी काही नको.

मग तो एक तास रिकामा ठेवा. गृहपाठ, शिकवणी, खरेदी, पाहुणे, केस विंचरणं, वाद होऊ शकेल असं काहीही त्या तासात नको. स्क्रीन द्यायचाच तर तो बंद करायची वेळ उतारावर येऊ देऊ नका. गेम बंद करायला सांगायला याहून वाईट वेळ दिवसात दुसरी नसते.

इतकं करूनही २-३ तीव्रतेचे दिवस आठवड्यात तीन-चार येत असतील, तर डॉक्टरांपुढे ठेवायचे पर्याय असे आहेत. जास्त तास चालणाऱ्या गोळीवर जाणं. किंवा उतार सुरू होण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी साध्या गोळीचा छोटा डोस (सकाळच्यापेक्षा बराच कमी), म्हणजे कड्यावरून पडण्याऐवजी उतार पायऱ्यांचा होतो. या दुसऱ्या पर्यायाची किंमत झोपेत मोजावी लागते. साध्या गोळीचा असर चार तास राहतो असं धरून झोपेच्या वेळेपासून मागे मोजा. मूल ९ ला झोपत असेल तर ५ नंतरची गोळी त्या झोपेवर उठणार. आणि आज झोप कमी म्हणजे उद्या रडणं जास्त. ६ ते १२ वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास झोप लागते, किशोरांना ८ ते १०. नोंदवहीत झोप याहून कमी दिसत असेल तर औषधाला हात लावण्याआधी झोप दुरुस्त करा. सकाळची गोळी ९-१० पर्यंत रेंगाळत असेल तर ती ७ वर आणा.

दिवसभरच हळवं असेल तर

वेळेचा काही नमुनाच सापडत नसेल, तर प्रश्न डोसच्या पलीकडचा असू शकतो. तीन दिशांनी बघा.

पहिली, औषधाचा प्रकार. अ‍ॅटोमॉक्सेटिन रोज घेतल्यावर आठवड्यांनी काम दाखवतं. त्याचे दुष्परिणाम मात्र पहिल्या दिवसांपासून येतात, त्यामुळे सुरुवातीचे आठवडे तोट्याचे वाटतात. ते साधारण दर किलोमागे ०.५ मिलिग्रॅमपासून सुरू करून १.२ पर्यंत नेतात. २५ किलोच्या मुलासाठी हा प्रवास सुमारे १२.५ पासून ३० पर्यंतचा. तो घाईत झाला तर मळमळ, झोपाळूपणा आणि चिडचिड एकदम अंगावर येतात. काही मुलांच्या यकृतात हे औषध फार सावकाश मोडतं: इतरांत साधारण ५ तासांत निम्मं होणारं प्रमाण त्यांच्यात २० तासांहून जास्त वेळ घेतं. फ्लुओक्सेटिन किंवा पॅरोक्सेटिन जोडीला असेल तरी तसंच होतं. ग्वानफेसीन आणि क्लोनिडिनवर मूल पेंगुळलेलं आणि म्हणून रडवेलं असतं. डोसची वेळ रात्रीकडे नेता येते का, ते विचारा. ही दोन औषधं एकदम थांबवायची नाहीत, रक्तदाब उसळतो.

दुसरी दिशा, घरातली बाकीची औषधं. ही तपासणी सर्रास राहून जाते. सर्दी-दम्यासाठी दिलं जाणारं माँटेल्युकास्ट मुलांचा मूड बिघडवू शकतं, आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०२० साली त्यावर सर्वांत कडक स्वरूपाचा इशारा छापायला लावला. फिट्सचं लेव्हेटिरॅसिटाम चिडचिडीसाठी प्रसिद्धच आहे. तोंडावाटे घेतलेली स्टिरॉइड्स, सर्दीच्या सिरपमधलं स्यूडोएफेड्रीन, किशोरांची कॅफिनवाली पेयं, सगळं यादीत घ्या. रडणं नेमकं सर्दीच्या दिवसांत परततं का, हे नोंदवहीत लगेच दिसतं.

तिसरी, आतलं दुखणं. चिंता, नैराश्य, वाचनाची अडचण, वर्गातला छळ. औषधानं मूल थांबून विचार करू लागतं, आणि मग आपण मागे आहोत, मित्र टाळतात, हे त्याला पहिल्यांदाच दिसू शकतं. ते दुःख गोळीचं नसतं. त्यावर डोस कमी करून काही मिळत नाही, तिथे समुपदेशक लागतो.

निवळलं होतं, पुन्हा सुरू झालं

पुन्हा सुरू झालं की पहिल्यांदा पाकीट बघा. नाव, मिलिग्रॅम तेच, पण कंपनी बदलली आहे का? लवकर सुटणाऱ्या गोळीत याचा फारसा फरक पडत नाही, दीर्घकाळ चालणाऱ्या गोळीत पडू शकतो, कारण तिथे औषधाइतकीच सुटण्याची यंत्रणा महत्त्वाची. १२ तास चालणाऱ्या मिथाइलफेनिडेटच्या दोन जेनेरिक गोळ्या मूळ गोळीच्या तोडीच्या मानता येणार नाहीत, असं अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१४ साली जाहीर केलं होतं. बदल झाला असेल तर जुनीच कंपनी मागून घ्या आणि आठवडाभर बघा.

दुसरं, गोळी कशी घेतली जातेय. मूल मोठं झालं, स्वतः गोळी घेऊ लागलं, आणि ती चावून खातंय हे कुणाला माहीतच नाही, असं घडतं. दीर्घकाळ चालणारी गोळी चावली किंवा कुटली की दिवसभराचं औषध एकदम सुटतं: सकाळी मूल मिटलेलं, दुपारी बेभान. काही कॅप्सूल उघडून आतले दाणे मऊ, गार अन्नावर टाकून न चावता गिळता येतात, पण सगळ्या नाही. आपली त्यातली आहे का, ते फार्मासिस्टला विचारून घ्या. अँफेटामीन गटाच्या गोळीबरोबर आंबट फळांचा रस किंवा क जीवनसत्त्वाची गोळी दिली तर असर घटतो, त्यामुळे एक दिवस बरा, एक दिवस वाईट असा गोंधळ उडतो.

तिसरं, शाळेच्या तक्रारीवरून डोस वाढला आहे का, आणि त्या दिवसांत परीक्षा किंवा शिक्षक बदलले होते का. महिनाभराच्या ताणावर चढवलेला डोस ताण संपल्यावरही तसाच चालू राहतो. सकाळी द्यायची राहून गेलेली गोळी दुपारी देणं किंवा दुसऱ्या दिवशी दोन देणं, दोन्ही चुकीचं.

रडत असताना

शब्द कमी. कारण विचारू नका, त्या क्षणी मुलाकडे कारण नसतं, आणि पाचव्यांदा 'अरे, पण झालं काय?' ऐकून ते नवं कारण तयार करतं. शेजारी बसा, पाणी द्या, 'मी इथंच आहे' एवढं पुरे. ओसरल्यावर वीसेक मिनिटांनी बोलता येतं. 'गोळी घेतली नाहीस का आज?' हे वाक्य घरातून हद्दपार करा. रागाला रास्त कारण असलं तरी मुलाला ऐकू येतं की आपलं वाटणं हे आपलं नाहीच, गोळीचं आहे. तेरा-चौदाव्या वर्षी गोळी नाकारणाऱ्या मुलांकडून हीच तक्रार येते.

वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं ते अशा वेळी: मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या गोष्टी, नसलेले आवाज किंवा माणसं दिसणं-ऐकणं, झोपेविना उधाणलेला उत्साह, पूर्वी नसलेली हिंसक आक्रमकता. मूल स्वतःच्या जिवाला लगेच धोका करेल असं वाटलं, छातीत दुखलं, चक्कर येऊन पडलं किंवा शुद्ध गेली, तर डॉक्टरांच्या फोनचीही वाट न बघता थेट जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या. अ‍ॅटोमॉक्सेटिनवर आत्महत्येच्या विचारांचा इशारा छापलेलाच असतो, आणि पहिले काही महिने व डोस बदलाचे दिवस त्यासाठी जास्त जपायचे.

बाकी सगळ्यासाठी पुढच्या भेटीला नोंदवहीवरून उतरवलेल्या पाच ओळी न्या: औषधाचं पूर्ण नाव, मिलिग्रॅम आणि कंपनी, रोजची गोळीची वेळ, रडणं गोळीनंतर किती तासांनी आणि किती मिनिटं, सुट्टीच्या दिवशी काय झालं, खाणं आणि झोप बदलून काय फरक पडला. भेटीची दहा मिनिटं 'हल्ली फार रडतो' इथून सुरू न होता 'गोळीनंतर सात तासांनी, चाळीस मिनिटं, सुट्टीतही' इथून सुरू होतील.